जमिनीलगतच्या शर्यतीच्या गाडीत चालकाला बसवताना आणि उतरवताना

शर्यतीच्या गाडीजवळ मदतनीस म्हणून पहिल्यांदाच उभा राहिलेला माणूस बहुधा एकच चूक करतो. चालक बाहेर येताना धडपडतो आहे असे दिसले की तो पुढे वाकतो, चालकाच्या काखेत हात घालतो आणि जोर लावून ओढू लागतो. त्याचा हेतू चांगला असतो, परंतु त्या क्षणी चालकाचे गुडघे स्टिअरिंगच्या खांबाखाली असतात, हेल्मेट केजच्या, म्हणजे चालकाभोवतीच्या संरक्षक पोलादी पिंजऱ्याच्या, नळीला टेकलेले असते आणि अंगाचा सगळा भार हातांवर यायचा असतो. अशा वेळी वरून ओढले तर खांदा दुखावतो आणि गुडघा आणखीच अडकतो. हे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे आणि नव्या मदतनिसाला पहिल्या दिवशी एवढेच सांगतो, की चालकाचे वजन चालकानेच उचलायचे असते. आपण त्याची वाट मोकळी ठेवायची, त्याला धरायला न हलणारा आधार द्यायचा आणि जिथे त्याचा हात किंवा डोळा पोहोचत नाही, तिथले काम करायचे.

या गाड्यांची रचना समजली की असे का करायचे तेही समजते. फोर्डच्या जीटी४० या गाडीच्या नावातला ४० हा आकडा तिच्या उंचीचा आहे. ४० इंच म्हणजे साधारण एक मीटर. एवढ्या बुटक्या गाडीत डोके आत जावे म्हणून तिची दारे छतातही कापून घेतलेली होती, आणि उंचापुऱ्या डॅन गर्नी या चालकासाठी तर छताला वेगळा फुगवटा द्यावा लागला. मर्सिडीजच्या ३०० एसएल या गाडीचा नळ्यांचा सांगाडा बाजूंनी इतका उंच होता की नेहमीची दारे बसवणेच अवघड झाले, म्हणून ती छताला बिजागऱ्या लावून वर उघडणारी केली. आजच्या फॉर्म्युला वनच्या गाडीत चालक जवळजवळ आडवा असतो आणि त्याची पावले नितंबांच्या पातळीला किंवा त्याहूनही वर असतात. म्हणजेच अशा गाडीत माणूस खुर्चीवर बसतो तसा बसत नाही. तो पाय पुढे सोडत आत घसरत जातो, आणि बाहेर पडताना तीच वाट उलटी चढतो.

चालक येण्यापूर्वी

निम्मे काम चालक गाडीजवळ येण्याआधीच झालेले असले पाहिजे. सर्वप्रथम स्टिअरिंग काढून ठरलेल्या जागी ठेवावे. ही जागा दर वेळी तीच असावी. सीट मागेपुढे सरकणारी असेल, तर ती पूर्ण मागे घ्यावी. त्यानंतर पट्टे मांडावेत. हार्नेसला, म्हणजे चालकाला सीटशी बांधणाऱ्या पट्ट्यांच्या संचाला, सहसा सहा पट्टे असतात: दोन खांद्यांचे, दोन कमरेचे आणि दोन जांघेतले. खांद्यांचे पट्टे सीटच्या मागे किंवा केजवर टाकावेत, कमरेचे दोन्ही बाजूंना सीटच्या कडेवरून बाहेर सोडावेत आणि जांघेतले पुढे, सीटच्या काठावरून खाली लोंबत ठेवावेत. सगळे पट्टे आधीच पूर्ण सैल केलेले असावेत. पट्टा घट्ट असेल तर चालकाच्या अंगाभोवती तो पुरत नाही, आणि मग गाडीत बसलेल्या माणसाच्या कुशीखाली हात घालून त्याची पकड सैल करण्यात जो वेळ जातो, तो सगळ्यांचाच धीर घालवणारा असतो. पट्टे जागच्या जागी राहावेत म्हणून काही संघ पातळ रबरी दोरीने किंवा चिकटपट्टीने ते बाजूला अडकवून ठेवतात. हलक्या ओढीने सुटेल अशी कोणतीही युक्ती चालेल.

चालकाच्या बुटांचे तळवे पुसायला विसरू नये. पावसाळी दिवशी ओला तळवा आधी उंबऱ्यावरून, म्हणजे गाडीत शिरताना ओलांडायच्या कडेवरून, घसरतो आणि नंतर ब्रेकच्या पेडलवरून. मी एक कोरडे फडके नेहमी पट्ट्याला खोचलेले ठेवतो आणि गाडीजवळ एक जाड पायपुसणे टाकतो. शेवटी चालकाच्या खिशात काही राहिले नाही ना, हे विचारावे.

आत जाताना

उघड्या कॉकपिटच्या, म्हणजे चालकाच्या जागेवर छत नसलेल्या, गाडीत चालकाने पाऊल नेमके कुठे ठेवायचे, हे गाडीच्या मेकॅनिककडून आधी जाणून घ्यावे. बाजूच्या कार्बनच्या पत्र्याखाली अनेकदा फक्त पोकळी असते, आणि चुकीच्या जागी दिलेला भार तो सोसत नाही. चालक एक हात हेलोवर, म्हणजे डोक्याचे रक्षण करणाऱ्या कॉकपिटवरच्या कड्यावर, किंवा डोक्यामागच्या कमानीवर ठेवतो, एक पाय सीटवर टाकतो, दुसरा त्याच्या शेजारी आणतो आणि क्षणभर सीटवर उभा राहतो. त्यानंतर दोन्ही तळहात कॉकपिटच्या काठांवर टेकून तो सगळा भार हातांवर घेतो, पाय पुढच्या बोगद्यात सोडतो आणि सावकाश खाली उतरतो. मदतनिसाने या सगळ्या वेळात त्याच्या खांद्यामागे उभे राहून दोन्ही हातांनी खांद्यांचे पट्टे बाजूला धरून ठेवावेत. चालकाच्या कमरेला हात लावू नये. त्याचा तोल सांभाळणारे अवयव त्याचे हात असतात, आणि मध्येच कमरेला मिळालेला धक्का, तो आधार म्हणून दिलेला असला तरी, तो तोल बिघडवतो.

छत आणि दारे असलेल्या बंद गाडीचे गणित निराळे आहे. तिथे दाराच्या चौकटीत केजच्या आडव्या नळ्या असतात आणि उंबरा रुंद असतो. गाडीकडचा पाय प्रथम आत जातो. हात छताखालची नळी पकडतो. डोके हेल्मेटसह बाजूला कलते. नितंब सीटच्या उभ्या कडेवर टेकून मग आत घसरतात. आणि सर्वात शेवटी बाहेरचा पाय गुडघ्यात पूर्ण दुमडून आत घेतला जातो. या शेवटच्या पायाकडे लक्ष ठेवावे, कारण त्याची नडगी नळीवर आपटण्याची शक्यता सर्वाधिक असते. चालक दार, आरसा किंवा स्टिअरिंगचा खांब पकडू पाहत असेल, तर लगेच त्याचा हात केजच्या नळीकडे वळवावा. यांपैकी एकही वस्तू माणसाचे वजन तोलण्यासाठी बनवलेली नसते. नॅस्कार या अमेरिकी शर्यतींच्या गाड्यांना उघडणारी दारेच नसतात. चालक खिडकीतून पाय आत टाकून शिरतो, आणि तिथेही पकड छताच्या व केजच्या नळीचीच असते.

हेल्मेट आणि मानेचे संरक्षण करणारे हान्स हे उपकरण बाहेर असतानाच घालावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आत बसल्यावर डोक्याच्या दोन्ही बाजूंना सीटचे पंख असतात आणि हेल्मेटच्या मागच्या टाचण्यांमध्ये हान्सच्या दोऱ्या अडकवायला बोटे शिरत नाहीत. शिवाय हेल्मेटसह आत गेलेल्या चालकाला हेल्मेटसह बाहेर येण्याचा अंदाज आपोआप येतो, आणि संकटाच्या वेळी त्याला त्याच अवस्थेत बाहेर यायचे असते.

पट्टे बांधणे

या भागात घाई करू नये, आणि याचे एक उदाहरण मोटर शर्यतींच्या इतिहासातच आहे. फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत पूर्वी चालक रस्त्याच्या एका कडेला उभे राहत आणि इशारा मिळताच धावत जाऊन समोरच्या गाडीत उडी घेत. वेळ वाचवण्याच्या त्या धांदलीत पट्टे नीट बांधले जाणे शक्यच नव्हते. १९६९ साली जॅकी इक्स हे चालक निषेध म्हणून आपल्या गाडीपर्यंत चालत गेले, त्यांनी शांतपणे पट्टे बांधले आणि ते सर्वांच्या मागून निघाले. त्याच शर्यतीच्या पहिल्या फेरीत जॉन वुल्फ यांचा अपघाती मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी इक्स आणि जॅकी ऑलिव्हर यांनी ती शर्यत जिंकली, तीही वर उल्लेखलेल्या जीटी४० या बुटक्या गाडीतून आणि सुमारे १२० मीटरच्या फरकाने. पुढच्या वर्षीपासून चालक पट्टे बांधून गाडीत बसूनच निघू लागले.

पट्टे बांधताना शब्द आधी आणि हात नंतर, हा नियम पाळावा. हेल्मेटमुळे चालकाला खाली पाहता येत नाही. आपल्या मांडीजवळ कुणाचा हात का आला आहे, हे त्याला सांगितल्याखेरीज कळत नाही. म्हणून "जांघेतला डावा पट्टा देतो आहे" असे मोठ्याने म्हणावे आणि पट्टा त्याच्या हातात द्यावा. जांघेतले पट्टे चालकाने किंवा चालिकेने स्वतःच जागी बसवावेत, कारण कापडाची घडी कुठे रुतते आहे हे बाहेरच्या माणसाला दिसत नाही. छातीवरून जाणाऱ्या पट्ट्यांच्या बाबतीतही, विशेषतः चालिकेला मदत करताना, विचारल्याशिवाय हात लावू नये.

प्रत्येक पट्ट्याची जीभ बकलमध्ये शिरली की खट् असा आवाज येतो. इंजिन चालू असेल तर तो ऐकू येत नाही, म्हणून प्रत्येक पट्टा एकदा हिसका देऊन पाहावा. पिळलेला पट्टा तसाच राहू देऊ नये, कारण पिळामुळे सगळा भार एका अरुंद रेषेवर येतो. आधी कमरेचा पट्टा घट्ट करावा. तो पोटावर नसावा. खाली, कमरेच्या पुढच्या हाडांवर बसावा, कारण आघाताच्या वेळी शरीराचा भार हाडे पेलू शकतात, आतडी पेलू शकत नाहीत. चालकाला नितंब सीटमध्ये मागे दाबायला आणि श्वास सोडायला सांगावे आणि त्या क्षणी पट्ट्याचे टोक ओढावे. कमरेचा पट्टा पक्का होण्याआधी खांद्यांचे पट्टे ओढले, तर बकल वर सरकते आणि कमरेचा पट्टाही पोटावर चढतो. हीच चूक मी सर्वाधिक वेळा पाहिली आहे. त्यामुळे खांद्यांचे पट्टे सर्वात शेवटी घट्ट करावेत. ते हान्सच्या दोन्ही फाट्यांवर मधोमध बसले पाहिजेत, आणि हान्सच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या हेल्मेटला जोडलेल्या आहेत हे डोळ्यांनी पाहून तर घ्यावेच, बोटांनी चाचपूनही घ्यावे.

मग रेडिओची वायर, पाण्याची नळी आणि असल्यास थंड हवेची नळी जोडावी. स्टिअरिंग बसवताना त्यावरची खूण दांड्यावरच्या खुणेशी जुळवावी, ते आत दाबावे आणि जोर लावून स्वतःकडे ओढून पाहावे. जे स्टिअरिंग अशा ओढीने निघते, ते बसलेलेच नसते. खिडकीची जाळी लावली, चालकाने अंगठा दाखवला, की मागे सरावे.

बाहेर येताना

नेहमीच्या थांब्यावर चालकाने गाडी बंद केल्यावर स्टिअरिंग निघते, जाळी खाली येते, वायरी आणि नळ्या सुटतात आणि त्यानंतरच बकल उघडले जाते. वायरींच्या बाबतीत माझ्या हातून झालेली चूक सांगतो. एका सरावात रेडिओची वायर सुटली आहे असे मी गृहीत धरले. चालक काठांवर हात टेकून एका झेपेत उभा राहू लागला आणि वायर ताणली जाऊन त्याचे डोके मागे खेचले गेले. त्याला इजा झाली नाही, परंतु दोन दिवस मान आखडलेली होती. तेव्हापासून चालकाने बकलला हात लावण्यापूर्वी मी हेल्मेटखालची वायर दोन बोटांनी चाचपतो आणि सुटी आहे असे तोंडाने सांगतो.

बकल उघडताच पट्टे पुन्हा पहिल्यासारखे बाहेर फेकावेत. लोंबणाऱ्या पट्ट्यात हान्सचा फाटा किंवा पाय सहज अडकतो. चालकाने आधार मागितलाच, तर त्याला हात देण्याची एकच रीत योग्य आहे. आपला कोपर बरगडीला टेकवून हात घट्ट करावा, त्याने आपले मनगट धरावे, आपण त्याचे धरावे, आणि मग ओढायचे काम त्याने करावे. आपण खांबासारखे स्थिर राहावे. बोटांत बोटे गुंतवू नयेत आणि घामाने भिजलेल्या हातमोज्याच्या पकडीवर विसंबू नये. गाडीच्या बाजूने धूर सोडणारा पाइप असेल, तर चालक ज्या बाजूला पाय टाकणार तिथे आपण आधी उभे राहून ती जागा अडवावी.

बाहेर आलेला चालक दिसतो तितका सावरलेला नसतो. बराच वेळ उष्णतेत आडवे बसल्यावर एकदम उभे राहिले की रक्त पायांकडे उतरते आणि घेरी येते. २०२३ च्या कतारच्या ग्रां प्रीमध्ये उकाड्याने एका चालकाला शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली, आणि लान्स स्ट्रोल गाडीतून उतरल्यावर तोल जाऊन धडपडले. १९८२ मध्ये ब्राझीलमध्ये नेल्सन पिके पारितोषिकाच्या मंचावरच कोसळले होते. म्हणून चालकाला आधी गाडीच्या काठावर बसू द्यावे, चार-पाच श्वास घेऊ द्यावेत, आणि तो चालू लागल्यावरही हाताच्या अंतरावर राहावे. हेल्मेट काढायला मदत लागली तर ती तो बसलेला असतानाच करावी.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत चालक बदलताना हे सगळे दुप्पट वेगाने घडते, आणि म्हणून कामाची वाटणी आधी ठरलेली असावी. बाहेर येणारा चालक पट्टे बाजूला टाकतो आणि आपला सीटमधला साचा, म्हणजे स्वतःच्या अंगाच्या मापाची सीटमध्ये ठेवायची गादी, घेऊन निघतो. आत जाणारा आपला साचा टाकतो आणि बसतो. मग एक बाजू मदतनीस बांधतो आणि दुसरी नवा चालक स्वतः. किती माणसांनी गाडीला हात लावायचा, हे त्या स्पर्धेच्या नियमांत पाहून घ्यावे.

काही चालकांच्या शरीराला वेगळी मदत लागते. फ्रेडरिक सोसे यांनी चारही हातपाय गमावल्यानंतर २०१६ मध्ये ल माँची शर्यत पूर्ण केली, तर कमरेखाली पक्षाघात झालेले ताकुमा आओकी २०२१ मध्ये तिथेच धावले. अशा चालकाला उचलून ठेवावे लागते. त्याचे वजन त्यानेच उचलावे, हा माझा नियम इथे लागू होत नाही. उचलण्याची पद्धत मात्र तोच सांगेल, कारण आपल्या शरीराची माहिती त्याला सर्वाधिक असते. दोघांनी एकाच मोजणीवर उचलावे आणि उंबऱ्यावर जाड गादी अंथरावी. ज्या पायांना संवेदना नाही त्यांच्या टाचा कुठे टेकल्या आहेत, काही तापलेले तर लागत नाही ना, हे आपण पाहावे, कारण भाजले तरी त्याला कळणार नाही.

संकटाच्या वेळी

फॉर्म्युला वनच्या नियमाप्रमाणे पूर्ण पट्टे बांधलेल्या चालकाला स्टिअरिंग काढून ७ सेकंदांत बाहेर पडता आले पाहिजे आणि एकूण १२ सेकंदांत ते स्टिअरिंग परत बसवता आले पाहिजे. २०१८ मध्ये हेलो येण्यापूर्वी हीच मर्यादा ५ आणि १० सेकंदांची होती. आपल्या चालकाकडूनही घड्याळ लावून हा सराव करून घ्यावा, आधी उघड्या डोळ्यांनी आणि नंतर डोळे मिटून, कारण धुरात काहीच दिसत नाही. बंद गाडीत दुसऱ्या दारानेही सराव करावा. गाडी नेहमीच्या दारावर कलंडलेली असू शकते.

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये फॉर्म्युला वनचे चालक रोमां ग्रोजाँ यांची गाडी कठड्यात घुसून पेटली. त्यांचा डावा पाय अडकला होता. तो बूट आतच सोडून त्यांनी सोडवून घेतला आणि सुमारे २८ सेकंदांनी ते ज्वाळांतून बाहेर आले. डॉक्टर इयान रॉबर्ट्स यांनी कठड्याजवळ त्यांना गाठले, परंतु कॉकपिटमधून वर येण्याचे काम ग्रोजाँ यांनी स्वतःच केले. सरावात मी चालकाला मुद्दाम एक अडथळा देतो, उदाहरणार्थ एक पट्टा त्याच्या दंडावरून जाऊ देतो, म्हणजे पहिला प्रयत्न फसल्यावर परत खाली बसून दुसरा करण्याची सवय लागते.

गाडी संकरित, म्हणजे इंधनासोबत विजेवरही चालणारी, असेल तर विजेचा धोका आहे की नाही हे दाखवणारा तिच्यावरचा दिवा पाहिल्याशिवाय हात लावू नये. २००८ मध्ये स्पेनमधल्या हेरेसच्या चाचणीत गाडीला स्पर्श करताच एका मेकॅनिकला विजेचा धक्का बसला होता. दिवा हिरवा नसेल तर चालकाने गाडीवर उभे राहून दोन्ही पाय जुळवून दूर उडी मारायची असते, गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होऊ न देता. अशा वेळी मदतीसाठी पुढे केलेला हातच त्याचा घात करू शकतो.

आग नाही, पण चालक मान किंवा पाठ दुखते म्हणतो, किंवा बोलतच नाही, अशा वेळी त्याला हलवू नये आणि हेल्मेटही काढू नये. फॉर्म्युला वनमध्ये १९९९ पासून सीट चालकासकट उचलून बाहेर काढता येते, आणि ते काम त्यासाठी प्रशिक्षण घेतलेल्या पथकाचे असते. ते पथक येईपर्यंत समोरून त्याच्याशी बोलत राहावे, म्हणजे तो मान वळवणार नाही.

सराव असो वा शर्यत, चालक बाहेर पडून चालू लागला की मदतनिसाने पुन्हा गाडीकडे वळावे: पट्टे सैल करावेत, खांद्यांचे मागे, कमरेचे बाजूंना, जांघेतले पुढे टाकावेत, उंबरा पुसावा आणि स्टिअरिंग त्याच्या नेहमीच्या जागी ठेवावे.